तक्रार न करणाऱ्याचा पाय

ब्रेसचे, म्हणजे पायाला बाहेरून आधार देणाऱ्या प्लास्टिकच्या कवचाचे, तिन्ही पट्टे सोडवले आणि वास आला. ओलसर केसांचा आणि त्याखाली कुजायला लागलेल्या कातडीचा तो वास या कामातल्या माणसाला लगेच ओळखू येतो. कुत्री माझ्या मनगटावर नाक टेकून उभी होती आणि तिची शेपटी हलत होती. तिच्या पुढच्या पायाच्या मनगटामागे जे छोटं हाड बाहेर येतं, बरोबर त्याच्यावर ब्रेसची कड बसत होती. तिथले केस गेले होते. मधोमध करंगळीच्या पेराएवढी जखम होती आणि ब्रेसच्या आतल्या फोमवर तेवढाच तपकिरी डाग. "पण ती तर किती छान चालत होती हो," तिची मालकीण म्हणाली आणि तिने फोनवरचा व्हिडिओ दाखवला. व्हिडिओ खरा होता. त्यात कुत्री खरोखरच छान चालत होती. पण तो पहिल्या दिवशीचा होता आणि कुत्री माझ्याकडे आली ती पाचव्या आठवड्यात.

तो ब्रेस बनवणारा माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. प्लास्टिक चांगलं होतं, शिलाई नीट होती. पण पायाचा ठसा घरी घेतला होता, तो पोस्टाने गेला आणि ब्रेस पोस्टाने आला. बनवणाऱ्याने कुत्री कधी पाहिली नव्हती. पशुवैद्याने कुत्री पाहिली होती, पण ब्रेस पाहिला नव्हता. या दोघांच्या मध्ये एकट्या त्या बाई होत्या, आणि रोज काय तपासायचं हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं.

म्हणून हा लेख. प्राण्यांसाठी मापाचे ब्रेस आणि कृत्रिम पाय बनवणं हे वस्तू विकण्याचं काम नाही, ते उपचाराचं काम आहे आणि त्याला उपचाराचेच नियम लागू व्हायला हवेत. आधी पशुवैद्याचं निदान हवं आणि नंतर बनवणाऱ्याने काही महिने अंगावर घेतलेली जबाबदारी हवी. या दोन्ही गोष्टी नसतील तर ते उपकरण बनवूच नये, आणि विकायला तर मुळीच परवानगी असू नये.

मी माणसांचे कॅलिपर आणि कृत्रिम पाय बनवायला शिकले, त्यात बरीच वर्षं घालवली आणि मग प्राण्यांकडे वळले. माणसांच्या कामात एक गोष्ट इतकी अंगवळणी पडते की ती आहे हेही विसरायला होतं. सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची खुंटावर बसणारी वाटी, चढवलं की समोरचा माणूस पहिल्या पाच-दहा पावलांत सांगतो, "इथे टोचतंय." आपण पेन्सिलने खूण करतो, हीट गनने तेवढं प्लास्टिक मऊ करून बाहेर ढकलतो, पुन्हा चढवतो, पुन्हा चालायला सांगतो. सगळं काम त्या दोन शब्दांवर चालतं. कुत्रा ते दोन शब्द बोलत नाही. तो लंगडतो, पाय चाटतो, पट्टा चावतो, किंवा काहीच करत नाही, आणि काहीच न करणारा कुत्रा सगळ्यात धोक्यात असतो. दुखणं लपवणं प्राण्यांच्या रक्तातच असतं, मांजरांच्या तर फारच. शिवाय कुत्र्याला माणूस इतका हवासा असतो की जखमेवरच्या ब्रेससकट तो दाराशी धावत येतो, आणि आपण म्हणतो, बघा, किती आनंदात आहे.

माणसाच्या अंगावर चढणाऱ्या उपकरणांवर बहुतेक देशांत काही ना काही सरकारी देखरेख असते. प्राण्यांच्या उपकरणांची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेचं उदाहरण घेऊ. तिथलं अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, माणसांच्या उपकरणांची धोक्यानुसार वर्गवारी करतं आणि त्याप्रमाणे बाजारात येण्याआधी कागदपत्रं मागतं. प्राण्यांच्या उपकरणांना अशी आगाऊ मंजुरी लागत नाही. उपकरण सुरक्षित ठेवण्याची आणि त्यावर खरी माहिती छापण्याची जबाबदारी बनवणाऱ्याची, आणि त्यात कसूर झाली तर कारवाई करण्याचा अधिकार एफडीएचा. याचा व्यवहारातला अर्थ असा की नियम जागा होतो तो जखम झाल्यावर, आणि तेही ती जखम कुणी कळवली तर. ज्याला जखम झाली तो कळवू शकत नाही.

आता चांगला ब्रेस कसा होतो ते थोडं सविस्तर सांगते. त्यावरून तो पोस्टात कुठे बिघडतो हे आपोआप कळेल. पायावर आधी पातळ मोजा चढवायचा आणि त्यावर पुढच्या बाजूने एक लवचिक नळी ठेवायची, म्हणजे पुढे साचा कापताना कातडी वाचते. मग फायबरग्लासची कास्ट टेप पाण्यात भिजवून गुंडाळायची. ती काही मिनिटांत कडक होते आणि या मिनिटांतच जवळजवळ सगळं ठरतं. सांधा कोणत्या कोनात धरला, पंजा आत वळला का बाहेर, प्राणी उभा होता का आडवा, त्याने मध्येच पाय खेचला का, या सगळ्याचा ठसा उमटतो. साचा कापून काढला की त्यात प्लास्टर ओततात आणि प्लास्टरचा पाय हातात येतो. खरी कारागिरी इथे सुरू होते. जिथे हाड कातडीच्या अगदी खाली आहे तिथे प्लास्टरचा थर चढवायचा, म्हणजे तयार ब्रेस तिथे टेकणार नाही. जिथे मांस आहे, दाब सोसण्याची ताकद आहे, तिथे प्लास्टर तासायचं. मग ओव्हनमध्ये तापवून मऊ केलेली पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची शीट त्यावर ओढायची आणि हवा खेचून घ्यायची, म्हणजे ती त्या आकाराबरहुकूम बसते. थंड झाल्यावर कापणं, कडा घासणं, आत फोम, बाहेर वेल्क्रोचे पट्टे, तळाला रबर.

कुठे थर चढवायचा आणि कुठे तासायचं हे प्लास्टरकडे बघून कळत नाही. ते बोटांना कळतं, जिवंत पाय हातात घेतल्यावर. हल्ली स्कॅनरने माप घेऊन संगणकावर आकार बदलतात आणि थ्रीडी प्रिंटरवर ब्रेस छापतात. धूळ कमी होते, वेळ वाचतो, बिघडला तर तसाच दुसरा काढता येतो. मला ते तंत्र आवडतं, मीही वापरते. पण स्कॅनरला आकार दिसतो, त्या आकारात हाड कुठे आणि मांस कुठे हे दिसत नाही. घरी घेतलेल्या ठशात तर पाय कसा धरला होता हेही बनवणाऱ्याला माहीत नसतं. तो अंदाज करतो. अनुभवी माणसाचा अंदाज बऱ्याचदा बरोबर येतो आणि मग सगळ्यांना वाटतं की ही पद्धत चालते.

कुत्र्याचा पायही आपल्या पायासारखा नाही. मागच्या पायात उलट्या वळलेल्या गुडघ्यासारखा जो सांधा दिसतो तो गुडघा नसून घोटा असतो. गुडघा वर, पोटाशी असतो. कुत्रा टाच टेकत नाही, बोटांवर चालतो. उभ्या कुत्र्याच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो आणि ४० टक्के मागच्या, म्हणून पुढचा आणि मागचा पाय गेल्याचे परिणाम सारखे नसतात. पुढचा पाय वर जाड आणि खाली निमुळता, त्यामुळे ब्रेस सतत खाली सरकू पाहतो. घसरू नये म्हणून पट्टा आवळला तर पंजा सुजतो, सैल ठेवला तर ब्रेस फिरतो आणि घासतो. त्यात कुत्र्याची कातडी सैल, वर केस. केसांवर घाम नाही, पण पावसाचं, दवाचं, लाळेचं पाणी फोममध्ये जातं आणि तिथेच मुरतं. माणसाचा नियम इथे जसाच्या तसा लावता येत नाही. माणसांच्या कामातून आलेल्या मलाही हे सगळं पहिल्यापासून शिकावं लागलं.

या क्षेत्रातली जी उदाहरणं जगभर गाजली, ती नीट पाहिली तर माझं म्हणणंच त्यांतून दिसतं. विंटर नावाची बॉटलनोज डॉल्फिन २००५ च्या डिसेंबरमध्ये फ्लोरिडात खेकड्यांच्या सापळ्याच्या दोरीत अडकलेली सापडली. ती जेमतेम काही महिन्यांची होती आणि तिची शेपटी वाचली नाही. क्लिअरवॉटरच्या मत्स्यालयात ती पोहायला शिकली, पण डॉल्फिनसारखी नाही. डॉल्फिन शेपटी वर-खाली हलवते, ही माशासारखी डावी-उजवीकडे हलवायची. बघणाऱ्याला वाटावं, जमलं हिला. तिची काळजी घेणाऱ्यांना मात्र कळलं की अशाने कणा वाकत जाईल. केव्हिन कॅरोल आणि डॅन स्ट्रझेम्पका या माणसांच्या कृत्रिम अवयवांच्या तज्ज्ञांनी तिच्यासाठी शेपटी बनवली. तिची कातडी इतकी नाजूक की आत घालायला वेगळं मऊ जेल लायनर, म्हणजे अस्तर, तयार करावं लागलं, आणि ते पुढे पाय गमावलेल्या माणसांच्याही कामी आलं. ही शेपटी ती दिवसभर घालत नसे. ठरावीक वेळ, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, कण्याचा व्यायाम म्हणून तिला ती चढवत. ती २०२१ च्या नोव्हेंबरपर्यंत जगली. बहुतेकांना आठवते ती शेपटी. मला आठवतं ते शेपटीचं वेळापत्रक.

थायलंडमधली मोशा ही हत्तीण सात महिन्यांची असताना २००६ मध्ये म्यानमारच्या सीमेजवळ तिचा पाय भूसुरुंगावर पडला. तो पुढचा उजवा पाय गेला. लाम्पांगजवळच्या हत्तींच्या रुग्णालयात थर्दचाई जिवाकेट या अस्थिरोगतज्ज्ञांनी तिला कृत्रिम पाय बनवून दिला. ते मूळचे माणसांचे पाय बनवणारे. मोशाला पहिला पाय मिळाला तेव्हा तिचं वजन सहाशे किलोच्या आसपास होतं, पुढच्या दहा वर्षांत ते दोन हजारांच्या पलीकडे गेलं. २०१६ मध्ये तिची बातमी जगभर छापून आली तेव्हा तिला नववा पाय बसवला होता. नववा! वाढत्या प्राण्याला एक पाय देऊन कुणी मोकळं होत नाही. तिथे बनवणारे आणि रुग्णालय एका जागी राहिले आणि दर वेळी पुन्हा माप घेत राहिले. हे ज्याला जमणार नाही त्याने वाढत्या पिल्लाच्या पायाला हातच लावू नये.

अमेरिकेतला डर्बी हा कुत्रा जन्मतःच पुढच्या पायांच्या व्यंगासह आला होता. २०१४ च्या अखेरीस थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या वाटोळ्या पायांवर तो धावतानाचा व्हिडिओ कोट्यवधींच्या घरात पोचला. ते पहिले पाय मुद्दाम बुटके ठेवले होते, कारण शरीराला एकदम नेहमीची उंची दिली तर ते सोसणार नाही. ती टप्प्याटप्प्याने वाढवली. हा संयम व्हिडिओत दिसत नाही. आणि संयम न दिसल्यामुळे बघणाऱ्या हजारो घरांत एकच इच्छा जागी होते, की आपल्यालाही असा पाय हवा, शक्यतो पुढच्या आठवड्यात.

व्हिडिओवर माझा राग नाही. त्यांच्यामुळे लोकांना कळलं की असं काही होऊ शकतं. माझी तक्रार एवढीच की पहिल्या दिवसाच्या धावण्यावर आपण निकाल देतो, आणि हा निकाल देणारे आपण असतो, प्राणी नव्हे. पशुवैद्यकात याला नावही आहे, केअरगिव्हर प्लासिबो. लंगडणाऱ्या कुत्र्यांवरच्या औषधांच्या चाचण्यांत असं दिसलं आहे की फोर्स प्लेटवर, म्हणजे पायाचा जमिनीवरचा दाब मोजणाऱ्या यंत्रावर, काहीही सुधारणा नसताना मालकांना कुत्रा बरा वाटतो. मालकांनाच नव्हे, तपासणाऱ्या पशुवैद्यांनाही. प्रेमाने आणि आशेने डोळे भरलेले असले की लंगडणं कमी दिसतं. यात कुणाचा दोष नाही, पण ज्या व्यवसायात रुग्ण बोलत नाही आणि त्याच्या वतीने बोलणाऱ्याच्या डोळ्यांवर विसंबता येत नाही, तिथे "आमचे ग्राहक समाधानी आहेत" हा पुरावा कसा धरायचा?

गुडघ्याच्या ब्रेसचंच बघा. कुत्र्यांच्या गुडघ्यातलं क्रूशिएट लिगामेंट, म्हणजे सांध्यातली हाडं जागेवर धरणारा बंध, तुटणं ही अतिशय नेहमीची दुखापत आहे. त्यावर हाड कापून त्याचा उतार बदलण्याची टीपीएलओ नावाची शस्त्रक्रिया करतात, आणि शस्त्रक्रिया नको असलेले लोक ब्रेसकडे वळतात. दोन्ही प्रकारच्या मालकांची मतं विचारून अमेरिकेत एक पाहणी २०१६ मध्ये छापून आली. समाधानी मालक दोन्हीकडे भरपूर होते. पण ब्रेसच्या गटात कातडीच्या जखमांची नोंदही भरपूर होती. ब्रेस वाईट, असा याचा अर्थ नाही. भूल न सोसणारं म्हातारं जनावर असेल, हृदय कमजोर असेल, तर ब्रेस हाच आधार असतो आणि मी तो मनापासून बनवते. पण तुटलेलं लिगामेंट ब्रेसने पुन्हा जोडलं जात नाही. ब्रेस सांध्याला बाहेरून धरतो, एवढंच. "शस्त्रक्रियेला पर्याय" असं मोठ्या अक्षरांत छापणाऱ्यांनी हे वाक्यही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावं.

निदान आधी हवं असं मी म्हणते ते एवढ्याचसाठी. पंजा उलटा वळून घासत जातो, म्हणून ब्रेस हवा, असा निरोप येतो. पंजा उलटा का वळतो? मज्जारज्जू दबला असेल, पायाची नस तुटली असेल, स्नायूबंध फाटला असेल. बाहेरून तिन्ही सारखं दिसू शकतं. मज्जारज्जू दबला असेल तर ब्रेसच्या नादात घालवलेले दिवस कधीच परत मिळत नाहीत. आणि नस गेली असेल तर त्या पायाला टोचलेलं कळतच नाही, म्हणजे तक्रार करण्याची जी थोडीफार सोय प्राण्याकडे असते तीही गेली. अशा पायावर ब्रेस चढवायचा तर दिवसातून दोनदा तो काढून बघणारं माणूस घरात हवं.

आता कृत्रिम पायाकडे येते. तिथे सगळ्यात मोठी चूक माझ्यासारख्यांच्या हातून होत नाही. ती आधीच होऊन गेलेली असते. पाय कापायची वेळ आली की पशुवैद्य सर्वसाधारणपणे तो वरून काढतात. पुढचा असेल तर खांद्याच्या फऱ्यासकट, मागचा असेल तर मांडीच्या वरच्या भागातून किंवा खुब्यातून. यामागे चांगलं कारण आहे. अर्धवट राहिलेला खुंट जमिनीवर आपटतो, सोलतो, चिघळतो. वरून काढलेला पाय स्वच्छ भरून येतो आणि कुत्रा काही आठवड्यांत तीन पायांवर पळू लागतो. पण कृत्रिम पाय बसवायला काहीतरी उरावं लागतं. पुढच्या पायात कोपर आणि त्याखालचं निम्म्याच्या आसपास हाड, मागच्यात गुडघा आणि त्याखालचं तेवढंच. सांधा शिल्लक असेल तर प्राणी तो पाय हलवू शकतो. फऱ्यासकट पाय गेला की सॉकेट चढवायचं कशावर? लोक माझ्याकडे येतात, व्हिडिओ दाखवतात, आणि मला सांगावं लागतं की ज्या दिवशी शस्त्रक्रिया झाली त्याच दिवशी हा रस्ता बंद झाला. बहुतेकांना तेव्हा कुणी विचारलेलंच नसतं. पंजा चिरडलेला असताना, वरचा पाय धडधाकट असताना, "नंतर कृत्रिम पाय बसवण्याचा विचार आहे का, आणि रोज त्याचं करायला घरात कुणी आहे का?" हा एक प्रश्न टेबलावर घेण्याआधी विचारायला हवा. उत्तर नाही असेल तर पाय वरूनच काढावा. पण प्रश्न विचारावा. पशुवैद्यकाच्या नेहमीच्या शिक्षणात या विषयाला इतकी थोडी जागा असते की हा प्रश्न सुचतच नाही, आणि त्यात एकट्या डॉक्टरला दोष देऊन चालणार नाही.

हाडाच्या कॅन्सरची गोष्ट निराळी. मोठ्या जातीच्या कुत्र्यांत पाय कापण्याचं ते एक प्रमुख कारण आहे. तिथे गाठ पूर्ण निघावी म्हणून पाय वरूनच काढावा लागतो. नुसती शस्त्रक्रिया करून केमोथेरपी दिली नाही तर आयुष्य साधारण चार-पाच महिन्यांचं उरतं. त्या महिन्यांतले आठवडे नवीन उपकरणाची सवय लावण्यात, जखमा सांभाळण्यात घालवायचे का? अशा वेळी मी हात जोडून नाही म्हणते. रडणाऱ्या माणसाला नाही म्हणणं अवघड असतं. पण तो पाय कुत्र्याला नको असतो, आपल्याला कुत्रा पुन्हा पूर्ण दिसायला हवा असतो.

तीन पायांवर सुखाने राहणारी कुत्री आणि मांजरं असंख्य आहेत. हलकं, तरुण, बाकीचे तीन पाय निरोगी असलेलं जनावर असेल तर त्याला तसंच राहू द्यावं. कृत्रिम पायाची गरज खरी असते ती वजनदार कुत्र्याला, सांधेदुखी असलेल्याला, दोन पाय गमावलेल्याला. गेलेल्या पायाचा भार उरलेल्यांवर येतो आणि तो कायमचा असतो. घोड्यांत हे सगळ्यात क्रूरपणे दिसतं. बार्बारो हा शर्यतीचा घोडा २००६ च्या मे महिन्यात धावताना मागचा उजवा पाय मोडून बसला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात प्लेट आणि स्क्रू घालून हाड सांधलं. पण भार दुसऱ्या पायांवर गेला, लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतली वेदनादायक सूज, सुरू झाला आणि २००७ च्या जानेवारीत त्याला दयामरण द्यावं लागलं. मोडलेल्या पायावर जगातले उत्तम हात काम करत होते, तरी घोडा गेला तो न मोडलेल्या पायांमुळे. म्हणून ब्रेस किंवा कृत्रिम पाय बनवताना मी आधी उरलेले पाय तपासते. उपकरण त्यांच्यासाठी असतं.

माझ्या मागणीवर आक्षेप येतात आणि त्यातला एक मला खरोखर अस्वस्थ करतो. नियम आले की काम महागेल, हौसेने आणि पोटतिडकीने बनवणारे लोक बाजूला पडतील, आणि ज्यांच्या जवळपास असा कुणी तज्ज्ञ नाही त्यांना पोस्टाने येणारा ब्रेसही मिळणार नाही. यातलं पहिलं मला मान्य आहे, काम महागेल. पण आज ते स्वस्त दिसतं कारण दुरुस्तीचा आणि जखमेच्या उपचाराचा खर्च किमतीत धरलेला नसतो. हौशी लोकांबद्दल माझ्या मनात आदर आहे. या क्षेत्रातल्या कितीतरी चांगल्या कल्पना गॅरेजमधून आल्या आहेत. मी त्यांना परवाना-परीक्षा द्या असं म्हणत नाही. पशुवैद्याच्या लेखी निदानाशिवाय आणि नंतरच्या चालू देखरेखीशिवाय उपकरण देऊ नका, एवढं म्हणते. लांबच्या गावी असलेल्या कुत्र्याचा ठसा तिथल्याच पशुवैद्याने घ्यावा, ब्रेस आल्यावर त्याच्यासमोरच चढवावा, व्हिडिओ कॉलवर बोलत बनवणाऱ्याने बघावा. पहिल्या सहा महिन्यांतले बदल किमतीतच धरावेत. आणि प्रत्येक बनवणाऱ्याने किती उपकरणं सहा महिन्यांनंतरही वापरात आहेत, किती सोडून दिली आणि का, हे मांडलं पाहिजे. माझ्या स्वतःच्या वहीत सोडून दिलेल्यांची पानं कमी नाहीत. ती पानं लपवून ठेवून पुढचा माणूस शिकणार कसा?

आणि ज्या प्राण्याला घरच नाही त्याचं काय, असंही विचारतात. त्याला ब्रेस किंवा कृत्रिम पाय देणं ही दया नव्हे. हे उपकरण रोज रात्री काढावं लागतं, कातडी पुसून कोरडी करावी लागते, सकाळी पुन्हा बरोबर त्याच जागी चढवावं लागतं. काढणारं कुणी नसेल तर तो पायात अडकलेला सापळाच. अशा जनावराचा पाय वरून काढून, जखम भरेपर्यंत सांभाळून त्याला तीन पायांवर मोकळं करणं जास्त दयेचं आहे, व्हिडिओ कितीही साधा झाला तरी.

त्या कुत्रीची जखम भरायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस ब्रेस नव्हता. तिच्या पशुवैद्याने एक्स-रेची फिल्म पुन्हा पाहिली, मनगटामागचे बंध ताणलेले होते, सांधा कायमचा जखडायची शस्त्रक्रिया इतक्यात नको असं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. मग मी तिला उभी करून ठसा घेतला आणि त्या छोट्या हाडावर प्लास्टरचा जाड थर चढवला. नवा ब्रेस पायावर चढवून झाल्यावर मालकिणीचं बोट धरून मी ते कडेच्या आत फिरवलं, चारही बाजूंनी, म्हणजे कुठे दाबतंय ते त्यांच्या हाताला कळावं. लाली दिसली आणि अर्ध्या तासात गेली तर ठीक, नाही गेली तर ब्रेस काढून ठेवायचा आणि मला फोन करायचा, मग रात्रीचे अकरा का असेनात. पहिल्या दिवशी एक तास, दुसऱ्या दिवशी दीड. त्यांनी व्हिडिओसाठी फोन काढला, मग त्याच फोनवर एका तासाचा गजर लावून तो टेबलावर पालथा ठेवला आणि जमिनीवर तिच्या शेजारी बसल्या.